उपासाच्या दिवसांत केलेली पाहणी

सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला तेव्हा मला त्याचं उत्तर आधीच माहीत होतं. ग्राहकवादाने समाजाचं भलं होतं का? प्रश्न इंग्रजीत होता आणि त्याखाली सरांनी दोन रेघा ओढल्या होत्या. ऐंशीच्या दशकाचा मध्य, हिंदी महासागरातल्या आमच्या बेटावरच्या बो बासें शहरातलं कॉलेज, आमचं शेवटचं वर्ष. प्रत्येकीने आपल्या गावात पाहणी करायची, लोकांशी बोलायचं आणि ऑक्टोबरात अहवाल द्यायचा. बाकीच्या मुली प्रश्न उतरवून घेत होत्या. मी अहवालाचं पहिलं वाक्य लिहायला घेतलं होतं.

सर माझ्या बाकाशी थांबले. वहीत डोकावून म्हणाले, "अजून कुणाला काही विचारलं नाहीस आणि निष्कर्ष तयार?"

"विचारायचं काय सर? दिसतंय की."

"मग दिसतंय ते नीट बघून ये. मला पत्रक नको, अहवाल हवा."

वर्ग हसला, कारण आमच्या घराची ख्याती सगळ्यांना ठाऊक होती. सत्तरच्या दशकात माझे बाबा सायकलच्या मागे पत्रकांचा गठ्ठा बांधून गावोगाव फिरत. पुढच्या दांडीवर मी बसलेली असे. संप, मजुरी, बंदर, साखर हे शब्द मी त्या पत्रकांतून क्रेओलमध्ये वाचायला शिकले. मराठी नंतर आली, गावातल्या मराठी मंडळाच्या संध्याकाळच्या वर्गात, भारतातून आलेल्या क्रमिक पुस्तकांतून. पत्रकं छापायच्या स्टेन्सिलवर चूक झाली की लाल पातळ रंग लावून ती कशी बुजवायची हे मला दहाव्या वर्षी येत होतं. ज्या मुलीने शाईच्या वासात अक्षरं गिरवली, तिला अहवाल आणि पत्रक यांत फरक असतो हे कुणी तरी आधीच सांगायला हवं होतं. सरांनी सांगितलं, पण तोपर्यंत मी एकोणीस वर्षांची झाले होते आणि कुणाचं ऐकायची नव्हते.

त्या पाहणीपायी माझ्या वहिनीचं काम गेलं. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं ते कसं गेलं याबद्दल आहे.

आमचं घर रिव्हिएर दू रांपारकडे. बाबा आणि दादा टोमॅटो, वांगी, शूशू या फळभाजीच्या वेली लावत. आई गेल्यावर घरात मी आणि हे दोघे पुरुष; मग तेर रूज गावाहून वहिनी लग्न होऊन आली. तोवर झोनचे, म्हणजे परदेशी निर्यातीसाठीचे, कारखाने सगळीकडे उभे राहिले होते. कारखान्याला आमच्याकडे कुणी कारखाना म्हणत नाही, लिझिन म्हणतात. वहिनी लिझिनात स्वेटर विणण्याच्या कामाला लागली. सहा वाजता रस्त्याच्या टोकाला गाडी यायची आणि बायका तिच्यात दाटीवाटीने बसून जायच्या. वहिनीचा हात इतका चांगला होता की तीन वर्षांत तिला नमुन्यांच्या टेबलावर घेतलं. नव्या स्वेटरचा पहिला नग तिथे बनतो आणि बाकी सगळ्या बायका तो बघून विणतात. "आमच्या टेबलावर सहाच जणी," असं ती सांगायची आणि सांगताना उगाच पदर नीट करायची.

आमच्या वाटेवर फ्रिज नसलेलं घर आमचंच. फ्रिजला सगळे फ्रिजिडेर म्हणत. बाबांचा त्याला विरोध होता. जी वस्तू नसताना आपण जगलो, ती आल्यावर तिच्यासाठी जगू लागतो, असं ते म्हणत आणि मला ते पाठ होतं. मासळीवाला सायकलवरून रोज यायचा, मासळी रोज संपायची. वहिनी पहाटे चारला उठून दोन वेळचं रांधायची, कारण आदल्या संध्याकाळचं वरण उन्हाळ्यात सकाळपर्यंत टिकत नसे. मी पाचला उठायची. तेव्हा माझा डबा भरून तयार असायचा. तो चारला कुणी तरी उठल्यामुळे तयार असतो हे मला दिसत होतं, आणि तरी ते माझ्या पाहणीत कुठेही आलं नाही.

ऑगस्टच्या सुट्टीत मी वही घेऊन घराघरांत जाऊ लागले. गणेश चतुर्थी दहा-बारा दिवसांवर आली होती. गावात उपास सुरू झाले होते. करेम म्हणतो आम्ही त्याला. क्रेओल शेजारी त्यांच्या चाळीस दिवसांच्या उपासाला म्हणतात तोच शब्द. मासळी-मटण बंद. आमच्याकडे करेम म्हणजे मासळीवाल्याला हात हलवून पुढे जा म्हणायचं, एवढंच.

माझे प्रश्न मी विचारपूर्वक काढले होते. गेल्या पाच वर्षांत कोणत्या वस्तू आल्या? कुणाच्या कमाईतून? रोज किती वेळ वापरता? शेवटी मी म्हणायची, "फ्रिजिडेर उघडून दाखवाल?" प्रत्येक घरात तो पुढच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, वर विणलेला रुमाल आणि प्लॅस्टिकची फुलं. मला वाटलं होतं बायका लाजतील, टाळतील. उलट त्या लगबगीने दार उघडायच्या. पहिल्या घरातली मावशी तर हात धरून घेऊन गेली.

"बघ बाय. काही नाय आत. पाणी नि फुलं. हात लाव, बघ कसा चकचकतो."

आत एक पाण्याची बाटली, दुधाचं एक भांडं आणि जास्वंदीच्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या.

"कधीपासून रिकामा आहे?"

"चार दिस झाले."

मी लिहिलं: चार दिवस रिकामा. पुढच्या घरी रिकामा. त्याच्या पुढच्या घरी तर प्लग काढून दार फडकं अडकवून उघडं ठेवलेलं. एका म्हातारीने सुनेला हाक मारून सांगितलं, "पोरीला नीट दाखव, खालचा खण पण काढून दाखव." सुनेने खालचा खण काढून दाखवला. स्वच्छ, पांढरा, रिकामा. दोघी माझ्याकडे अशा बघत होत्या की मी काही तरी चांगलं बोलावं. मी मान हलवली आणि लिहिलं: प्रदर्शन.

संध्याकाळी वहिनी गाडीतून उतरून आली तेव्हा मी ओसरीवर वही घेऊन बसले होते. तिने विचारलं, "काय मिळालं गो?"

"सगळं मिळालं. तुम्ही लोक काय विकत घेता आणि कशासाठी, ते मिळालं."

"तुम्ही लोक," ती म्हणाली आणि हसली. "मी काय घेतलं गो अजून? बाबांना विचारायची हिंमत होत नाय." मग भांडी घासायला गेली. तिला फ्रिज हवा आहे हे मला तेव्हाच कळलं. मला तिची कीव आली.

अहवाल ऑक्टोबरात द्यायचा होता, पण मला तेवढं थांबवेना. हाती असं सत्य लागल्यावर ते तीन सुनांना आणि एका सरांना माहीत असून भागत नाही. बाबांच्या जुन्या संघटनेच्या कचेरीत सायक्लोस्टाइल यंत्र होतं. मी बसने पोर लुईला त्या कचेरीत गेले आणि दिवसभरात स्टेन्सिल कापलं, मराठीत. वर मथळा: रिकामे फ्रिज, रिकामी मनं. त्याखाली, माझ्या मते मी आजवर लिहिलेलं सगळ्यांत धारदार गद्य. आमच्या बहिणी परक्यांच्या यंत्रापुढे दिवस विकतात आणि त्याच्या बदल्यात एक पांढरी पेटी आणतात, असं मी लिहिलं. ती पेटी त्या देव्हाऱ्यासारखी उघडून दाखवतात आणि तिच्यात पाण्यावाचून काही नसतं. ज्या घरात खायला वेळ नाही त्या घरात अन्न थंड ठेवायची सोय आहे. अशी दोन पानं. शंभर प्रती काढल्या. हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि मी बसमध्ये ते मुद्दाम झाकले नाहीत.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पत्र्याच्या सभागृहात आरतीनंतर मी ती पत्रकं वाटली. मला वाटलं होतं पुरुष मंडळी चिडतील. मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे काका म्हणत, मला कधीच आवडत नसत. माझ्या वयाच्या मुलींनी सभेत पुढे बसू नये, असं त्यांचं मत होतं. त्यांनी पत्रक घेतलं, चष्मा लावला, उभ्याउभ्या वाचलं. मग हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लागले.

ते छान वाचत. माझी वाक्यं त्यांच्या आवाजात आणखी चांगली वाटत होती. पुरुषांच्या बाजूने दोनदा टाळ्या पडल्या. वाचून झाल्यावर काका म्हणाले, "ही आपल्या वर्गातली पोर. हिने घरोघर जाऊन डोळ्यांनी पाहून लिहिलंय. मी इतकी वर्षं सांगतोय ते हेच. बायका घरात होत्या तेव्हा घर भरलेलं होतं. आज बायका लिझिनात आणि घरात काय? पेटी. तीही रिकामी." मग बायकांच्या बाजूला न बघता, पुरुषांकडे बघून म्हणाले, "ज्याने त्याने आपल्या घरी विचार करावा."

हे मी लिहिलं नव्हतं. पण त्याला आधार माझ्याच वाक्यांचा होता. मी मालकांविरुद्ध लिहिलं होतं, परदेशी कंपन्यांविरुद्ध, जाहिरातींविरुद्ध. ते सगळं काकांनी वाचलं होतं आणि ऐकणाऱ्यांच्या कानात फक्त सुना राहिल्या.

दादा मधल्या रांगेत होता. त्याच्या शेजारचा त्याचा दोस्त त्याच्या कानाशी बोलला, पण आवाज कमी करायची त्याला सवय नव्हती. "तुझी पण जाते ना रे? आणि तुझ्याकडे तर अजून पेटी पण नाय. मग आणते काय?" आजूबाजूचे चारपाच जण हसले. दादाही हसला. तो तसा कधी हसत नाही.

मी बाहेर नळाशी गेले. बायका प्रसादाची मोठी पातेली राखेने घासत होत्या. मी आले तशा सगळ्या गप्प झाल्या. मग जिने मला पहिल्या दिवशी हात धरून फ्रिज दाखवला होता तीच मावशी म्हणाली, "बाय, तू माझ्याकडे आली तेव्हा करेम होता."

"हो. म्हणून?"

"म्हणून फ्रिजिडेर रिकामा. तू काय शोधत होतीस आत, शार्क?"

एकीला हसू आवरेना. पण मावशी हसत नव्हती. तिने मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. वर्षभर त्यात मासळी असते, मटण असतं, अंडी असतात. देवाचं दूध त्यात कसं ठेवायचं? म्हणून करेम लागायच्या आदल्या दिवशी सगळं बाहेर काढायचं, खण काढून घासायचे, हळदीच्या पाण्याने पुसायचं, वास जाईपर्यंत दार उघडं ठेवायचं. उरलेली मासळी टाकायची नाही; पलीकडच्या क्रेओल आजीच्या फ्रिजमध्ये ठेवायला द्यायची. विसर्जनानंतर परत आणायची.

"तिचा बघायचा होतास," दुसरी म्हणाली. "फाटायला आलाय. अख्ख्या गावाची मासळी तिच्या पोटात."

"आम्हाला वाटलं पोर बघते कोणी नीट धुतलं," मावशी म्हणाली. "म्हणून खण काढून दाखवले. तू लिहिलंस आम्ही मिरवतो."

मला हे माहीत नव्हतं, कारण आमच्याकडे फ्रिज नव्हता. गावातल्या प्रत्येक शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट मला माहीत नव्हती, आणि कुणी सांगितली नाही कारण ती सांगावी लागते असं कुणाला वाटलंच नाही. वहिनीला माहीत होती. तेर रूजला तिच्या माहेरी फ्रिज होता. मी तिला एका शब्दाने विचारलं असतं तर तिने पातेलं घासता घासता सांगितलं असतं.

वहिनी त्या बायकांत होती. तिने डोकं वर केलं नाही.

घरी आल्यावर दादाने चपला काढल्या, पाणी प्यायला आणि म्हणाला, "उद्यापासून नको जाऊ."

वहिनी म्हणाली, "उद्या सुट्टी हाय."

"परवापासून नको जाऊ."

ती चूल पेटवायला गेली. मी बोलले. मी म्हणाले की पत्रक चुकलंय, पाहणी चुकलीये, फ्रिज एरवी रिकामे नसतातच, काकांनी त्याचा भलताच अर्थ लावला.

दादा म्हणाला, "तू लिहिलंस ते वाचलं त्यांनी. दुसऱ्या कुणाचं वाचलं का?"

"मी असं म्हटलं नव्हतं की बायकांनी—"

"माझ्यापुढे भाषण नको. सभेत माझ्याकडे बघून हसले लोक. तू पाहिलंस आणि बाहेर निघून गेलीस."

मी बाबांकडे वळले. बाबा मंडळात जात नसत. ते ओसरीवर रेडिओ ऐकत बसले होते. पत्रक त्यांच्या मांडीवर होतं. कुणी तरी त्यांना आणून दिलं होतं, बहुधा कौतुकाने.

"किती घरांत गेलीस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"काय विचारलंस?"

"आत काय आहे ते."

"का नाही ते विचारलंस?"

"मला वाटलं मला माहीत आहे."

बाबांनी पत्रकाची घडी घातली. मी म्हटलं, "तुम्ही दादाला सांगा. तुम्ही इतकी वर्षं बायकांच्या मजुरीसाठी पत्रकं वाटलीत."

"ते दोघांचं आहे," बाबा म्हणाले. "नवरा-बायकोत मी पडत नाही."

"संपात पडता."

"तू माझ्या तोंडी लागू नकोस, मो फी," ते शांतपणे म्हणाले. चिडले की ते क्रेओलमध्ये माझी मुलगी म्हणत. मग मी ते बोलले जे मला वाटतं त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही. मी म्हणाले, "तुमच्या तत्त्वापायी ती चारला उठते. तुम्ही सातला उठता." रेडिओ चालू होता. बाबांनी तो बंद केला नाही आणि ऐकलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. दुरुस्ती वाचू द्या म्हटलं. ते माझ्यावर खूष होते; त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, असं पहिल्यांदाच झालं. "चूक बारीकशी आहे गं. उपासाचं तेवढं राहिलं. मूळ मुद्दा खरा आहे ना? विसर्जनाच्या गडबडीत कशाला? मंडळाच्या पुढच्या वर्षीच्या अंकात टाकू."

मी थांबले नाही. संध्याकाळच्या आरतीनंतर, झाकरीची नाचगाणी करणारे ढोलकी शेकत असताना, मी उभी राहिले आणि म्हणाले की माझं पत्रक खोटं आहे. फ्रिज करेमासाठी धुतलेले होते, मी न विचारता लिहिलं, त्यावरून कुणी घरात काही ठरवू नये. जास्तीत जास्त चार वाक्यं झाली असतील. ढोलकीवाल्याने मध्येच थाप मारून बघितली. बायकांच्या बाजूने कुणी तरी म्हणालं, "झालं गो, बस आता." पुरुषांच्या बाजूने काहीच आलं नाही. चार वाक्यांना कोण टाळ्या देतो? दादा उठून बाहेर गेला.

"एकदा लिहून हसं केलंस, एकदा बोलून," तो घरी म्हणाला. "आता तरी मला घरात काय चालतं ते ठरवू दे."

विसर्जन झालं. वाटेवरच्या बायका क्रेओल आजीकडून आपापली मासळी परत घेऊन गेल्या. मी पुन्हा त्या घरांत गेले. यावेळी बायका दार उघडायला तयार नव्हत्या. विनवणी करावी लागली. ज्यांनी उघडलं त्यांच्याकडे बर्फात मासळी होती, कापून ठेवलेली भाजी, कालचं वरण, पोराचं दूध, दोन दिवसांची चटणी. एकीने सांगितलं, "मी रविवारी तीन दिसांचं रांधते. तेवढीच झोप मिळते." हे मी लिहून घेतलं. हेच वाक्य पहिल्या फेरीत माझ्या नाकासमोर असणार, कारण लिझिनात जाणारी प्रत्येक बाई तेच करत होती.

घरात वहिनी होती. दुपारी गरम जेवण मिळू लागलं. दादा शेतातून वेळेवर जेवायला यायचा आणि जेवताना कुणी बोलत नसे. सहा वाजता रस्त्याच्या टोकाला गाडीचा हॉर्न वाजायचा. पहिले काही दिवस तो दोनदा वाजला, मग एकदा, मग गाडी आमच्या टोकाला थांबायचीच बंद झाली. वहिनी तेव्हा चुलीपाशी असायची. ती अजूनही चारला उठत होती. मी विचारलं, "आता कशाला उठतेस?" ती म्हणाली, "उठल्यावर कळतं की उठायचं नव्हतं."

मी तिची माफी मागितली. बऱ्याचदा. शेवटी ती वैतागली. "बाय, तू मला सारखं सॉरी म्हणतेस नि मग मी तुला समजावत बसते. मला अजून एक काम." त्यानंतर मी तिला काही म्हटलं नाही. मी चारला उठायला लागले. पहिल्या दिवशी भात करपला. तिने तो खरवडून काढला, खालचा थर कोंबड्यांना टाकला आणि मला पाणी किती घालायचं ते बोटाच्या पेरावर दाखवलं.

सुमारे दोन आठवडे गेले. एका रविवारी जेवताना वहिनी म्हणाली, "उद्या जाऊन बघते. टेबलावर जागा हाय का." तिने कुणाला विचारलं नाही आणि कुणाकडे बघितलंही नाही. फराटा, आमच्याकडचा पराठा, तोडत होती.

दादाने ताट पुढे ओढलं. "असेल का?" एवढंच म्हणाला.

"बघते."

"सकाळचं?"

"बाय लावते भात. आता जमतो तिला."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बाबांनी आमटी मागितली. घरातला निर्णय असा झाला. त्यात तत्त्वाचा एकही शब्द नव्हता आणि मी कुणाचं मन वळवलं नव्हतं. दादा दोन आठवडे काय विचार करत होता ते मला आजही माहीत नाही.

अहवालाचं थोडक्यात सांगते. मी दोन्ही पाहण्या लिहिल्या, पहिली कशी चुकली तेही लिहिलं. शेवटच्या पानावर उत्तर हवं होतं, ते मला देता आलं नाही. आजही, वर्गात मुलींना शिकवताना, मी ठामपणे सांगते की ज्या जाहिराती आमच्या भिंतींवर चढल्या त्या आमच्या भल्यासाठी चढल्या नव्हत्या आणि झोनच्या मालकांनी आमच्या बायकांना झोप मिळावी म्हणून कारखाने काढले नव्हते. त्याच वेळी मला रविवारी तीन दिवसांचं रांधणारी ती बाई आठवते. ही दोन्ही वाक्यं मला एका परिच्छेदात बसवता येत नाहीत. सरांनी मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण दिले आणि समासात लिहिलं, 'प्रामाणिक'. ते पान मी वहिनीला दाखवलं नाही.

पण सोमवार. कॉलेज बुडवून मी वहिनीबरोबर गेले. गाडी आमच्या टोकाला थांबत नव्हती, म्हणून आम्ही बसने गेलो आणि उशिरा पोचलो. फाटकाशी देखरेखीची बाई आली, क्रेओल, उंच, हातात कागद अडकवलेली फळी. वहिनीला बघून तिला बरं वाटलं असावं. तिने वहिनीच्या दंडावर हात ठेवला. मग म्हणाली की नमुन्याच्या टेबलावरची जागा भरली. आठवडाभर वाट बघितली, निरोप आला नाही, काम थांबवता येत नव्हतं. आता धागे कापायच्या हॉलमध्ये जागा आहे. तिथे पोरी पहिल्या दिवशी लागतात, यंत्राला हात लावू देण्याआधी. पगार त्या पोरींचा.

मी बोलायला सुरुवात केली. तीन वर्षांचं कौशल्य, सूचना न देता जागा काढणं, कायदा, संघटना. सगळं माझ्याकडे होतं, बाबांनी मला ते सायकलच्या दांडीवर बसवून दिलं होतं, आणि त्यातलं बरंचसं बरोबरही होतं. देखरेखीची बाई माझ्याकडे बघू लागली. तिने फळीवरचा कागद खाली केला. तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की धागे कापायची जागाही द्यायला आता ती कचरू लागली आहे.

वहिनीने माझं मनगट धरलं. जोरात धरलं, नखं लागली.

"गप," ती मराठीत म्हणाली, त्या बाईला कळू नये म्हणून. "आज तू काही बोलू नको. बरोबर असलं तरी नको."

मग क्रेओलमध्ये त्या बाईला म्हणाली की चालेल, आजपासूनच. बाईने नाव लिहून घेतलं. वहिनीने माझं मनगट सोडलं, पर्स माझ्याकडे दिली कारण आत नेता येत नव्हती, आणि फाटकातून गेली. आतल्या अंगणात तिला नमुन्याच्या टेबलावरच्या दोघी भेटल्या. त्यांनी विचारलं असावं, कारण तिने हाताने कात्रीची खूण केली. एकीने तोंडावर हात ठेवला. वहिनी काही तरी बोलली आणि दोघी हसल्या. काय बोलली ते मला इतक्या लांबून ऐकू आलं नाही. फाटक बंद झालं. मी पर्स घेऊन भिंतीच्या कडेला उभी राहिले. सुट्टी व्हायला साडेआठ तास होते.